एका आवाजाचे दोन कंठ

मृदंगाचा घुमारा आणि झांजेची किणकिण एकाच पडद्यानें सारख्याच सचोटीनें ऐकवावी, ही अपेक्षा मुळांतच कठीण आहे. खर्जासाठीं पुष्कळ हवा हालविणारा मोठा पडदा लागतो. तार स्वरांसाठीं लहान व चपळ. इ. स. १९२५ मध्यें अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस व केलॉग या संशोधकांनीं ध्वनिक्षेपकाची जी घडण मांडली, तीच आजही बहुतेक घरांत नांदत आहे. परंतु ही अडचण तिलाही चुकली नाहीं. तेव्हां श्रमविभागाचा जुनाच तोडगा येथें योजण्यांत आला. खर्जाच्या यंत्रास कुत्र्याच्या भुंकण्यावरून ‘वूफर’ आणि तार स्वरांच्या यंत्रास पांखरांच्या चिवचिवाटावरून ‘ट्वीटर’ हीं नांवें पडलीं.

वाटणी झाली, पण सांधा जुळला नाहीं. १९३० नंतर हॉलिवुडांतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेंत अशा जोडकर्ण्यांची परीक्षा चालली असतां एलेनॉर पॉवेल हिच्या नृत्यांतील बुटांचा एकेक ठोका दोनदां ऐकूं येऊं लागला. खर्जाचा कर्णा लांब, दुसरा आंखूड. दोन्ही मार्गांत सुमारें ८ फुटांचा फरक होता. ध्वनि सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो, म्हणजे ठोक्याचा एक अंश दुसऱ्यामागून सेकंदाच्या सात सहस्रांशांनीं येत होता. डग्लस शीअरर, जॉन हिलियर्ड प्रभृतींनीं हा फरक जवळजवळ नाहींसा केला, आणि त्या जोडकर्ण्याबद्दल शीअरर व त्याच्या ध्वनिविभागास १९३६ सालासाठींचा अकादमी पुरस्कार मिळाला.

ही विद्या चित्रगृहांतच राहिली नाहीं. इंग्लंडांत गिल्बर्ट ब्रिग्ज या लोकरीच्या धंद्यांतील गृहस्थानें १९३२ सालीं इल्कली येथें घराच्या तळघरांत ध्वनिक्षेपक बनविण्यास आरंभ केला, आणि १९४८ मध्यें त्या विषयावर सामान्य वाचकांस समजेल असें पुस्तक लिहिलें. तेव्हांपासून कितीएक हौशी माणसांनीं फळ्या कापून घरींच पेट्या केल्या.

अशा पेटींत ट्वीटरच्या तारेंत एक कंडेन्सर घालतात. तो मंद कंपनें अडवून जलद कंपनें पुढें सोडतो. ट्वीटर ८ ओहमचा व कंडेन्सर ४.७ मायक्रोफॅरडचा असल्यास ही सीमा सेकंदाला सुमारें ४,२०० कंपनांवर येते. अधिक कांटेकोर वाटणीसाठीं दोन्ही बाजूंस वेटोळें व कंडेन्सर अशी दुहेरी गाळणी बसविली, कीं एक चमत्कार घडतो. सीमेवरच्या स्वरांत एक पडदा पुढें येतो तेव्हां दुसरा मागें जातो, आणि दोघे मिळून तो स्वर पुसून टाकतात. उपाय एवढाच, कीं ट्वीटरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. येथें उलटें जोडणें हेंच सुलट ठरतें.

यांतील मर्म असें, कीं दोन्ही यंत्रें वेगवेगळीं तपासलीं तर निर्दोष ठरतात. दोष असतो तो दोहोंच्या मध्यें, आणि तो शोधावयाचा तर दोन्ही एकत्र वाजतांनाच कान द्यावा लागतो. हॉलिवुडच्या त्या नर्तकीच्या बुटांनीं हेंच शिकविलें होतें.