रझांचा निसर्ग : दृश्यापासून बिंदूपर्यंत

'निसर्गचित्र' हा शब्द उच्चारला, की आमच्या डोळ्यांपुढे डोंगर, नदी, झाडे आणि एखादे कौलारू घर उभे राहते. निसर्गकवितेविषयीची आपली कल्पनाही याहून फारशी निराळी नसते. वर्णन असेल तेथे निसर्ग आहे, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. या समजुतीस सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या चित्रांनी छेद दिला आहे. त्यांच्या चित्रांतून झाड, घर, क्षितिज ही सारी ओळखीची रूपे क्रमाक्रमाने नाहीशी झाली. मग निसर्गही गेला काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

रझांचा जन्म आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्याने बालपण नर्मदेच्या परिसरातील अरण्यात गेले. रात्रीच्या जंगलाचे भय, त्या भयातच दडलेली ओढ आणि दिवस उजाडल्यावर बाजारात दिसणारे रंग या आठवणी त्यांनी उतारवयातही पुनःपुन्हा सांगितल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अंधारात जंगल दिसत नाही, ते जाणवते. त्यामुळे निसर्गाची त्यांची पहिली ओळख केवळ डोळ्यांनी झालेली नव्हती.

नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते १९४३ मध्ये मुंबईस आले. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली. फाळणीनंतर त्यांचे बहुतेक कुटुंबीय पाकिस्तानात गेले. रझा मात्र येथेच राहिले. या काळातील त्यांची मुंबईची व काश्मीरची जलरंगचित्रे प्रवाही आणि रसरशीत आहेत. परंतु १९४८ मध्ये काश्मिरात भेटलेले छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांत रचना नसल्याचे बोलून दाखवले आणि सेझानचा अभ्यास करावयास सुचवले. रझांनी हा शब्द मनावर घेतला. फ्रेंच भाषा शिकून १९५० मध्ये ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले.

फ्रान्समध्ये प्रथम रेखीव, घट्ट बांधणीची गावे आली. नंतर तैलरंगाच्या जाड थरांत ती गावे विरघळू लागली. १९५६ मध्ये 'प्री द ला क्रितिक' हा फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९६२ मध्ये बर्कले येथे अध्यापनासाठी गेले असता मार्क रॉथको यांच्या चित्रांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. रंग स्वतःच अनुभव होऊ शकतो, ही जाणीव दृढ झाली. सत्तरच्या दशकातील 'ला तेर', म्हणजे 'भूमी', या नावाच्या चित्रांत तिचे फळ दिसते. काळ्या-तपकिरी अंधारातून तांबडे-पिवळे फटकारे उसळतात. तेथे एकही झाड नाही. पण मंडल्याची रात्र आहे. आमच्या मते रझांच्या कलेचे शिखर हेच होय.

त्यानंतर बिंदू आला. चंचल मुलाचे लक्ष एकाग्र व्हावे म्हणून प्राथमिक शाळेतील गुरुजींनी भिंतीवर काढलेला ठिपका, हे त्याचे उगमस्थान रझांनीच सांगितले आहे. वर्तुळ, त्रिकोण, पंचमहाभूते, 'अंकुरण' अशा रूपांतून निसर्गाचे दृश्य संपून निसर्गाचे तत्त्व पुढे आले. कॅनव्हासवर देवनागरी अक्षरेही उमटू लागली. १९८१ च्या 'माँ' या चित्रात अशोक वाजपेयी यांची काव्यपंक्ती आहे.

बिंदूची पुढे पुनरावृत्ती झाली, तो चिंतनापेक्षा ओळखचिन्ह बनला, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी अमान्य करता येत नाही. उत्तरकाळातील कित्येक चित्रांत अर्थ आधीच ठरलेला दिसतो. भूमीच्या चित्रांतील झगडा तेथे उरत नाही. परंतु म्हणून त्यांना निसर्गापासून दूर गेलेली चित्रे म्हणणेही योग्य नव्हे. 'अंकुरण'मध्ये रोपाचे वर्णन नसले, तरी बीजाच्या अंतरातील ताण आहे. निसर्गाचे दर्शन आणि निसर्गाची प्रक्रिया यांतील हा भेद विद्यार्थ्यांना समजला, तर बालकवींची कविताही ते केवळ शब्दचित्र म्हणून वाचणार नाहीत, असे आम्हांस वाटते.

सहा दशके फ्रान्समध्ये काढून रझा २०१० च्या अखेरीस भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. ज्या मातीच्या आठवणी त्यांनी परदेशात आयुष्यभर रंगवल्या, तिथेच ते अखेर परतले.