टांचेंतील कांटा

शरीराचा जो अवयव सर्वांत अधिक भार वाहतो, त्याच्याकडे मनुष्याचें लक्ष सर्वांत कमी जातें. हृदयाविषयीं काव्यें झालीं, मेंदूविषयीं ग्रंथ झाले. टांचेची आठवण मात्र ती दुखूं लागल्यावरच होते. परंतु पूर्व विदर्भांतील वरठीसारख्या गांवीं टांच ही उपजीविकेचीच बाब आहे. भंडारा शहराचें नांव धारण करणारें 'भंडारा रोड' हें रेल्वे-स्थानक याच गांवांत आहे. भोंवतीं भाताचीं खाचरें आहेत, आणि गेल्या कांहीं दशकांत तेथें पोलादाचा कारखानाही उभा राहिला आहे. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलांत अनवाणी दिवस काढतात, तर कामगार कठीण फरशीवर पाळी भरतात. अशा माणसानें सकाळीं उठून पहिलें पाऊल टाकतांच टांचेंत कांटा रुतल्यासारखी कळ आली, तर प्रश्न नुसत्या वेदनेचा राहत नाहीं. तो त्या दिवसाच्या मजुरीचा होतो. हा कांटा खरोखर असतो कोठें, याचा शोध मनुष्यानें कसकसा घेतला, तें आम्ही येथें थोडक्यांत पाहणार आहों.

कांट्याची ही उपमा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील पहिल्याच अध्यायांत वातव्याधींचें वर्णन आहे. पाऊल विषम पडल्यामुळें पायाच्या सांध्याशीं जी वेदना उत्पन्न होते, तिला तेथें 'वातकंटक' म्हटलें आहे. आजही कित्येक वैद्य टांचदुखीस हेंच नांव देतात. त्याच अध्यायांत गृध्रसी येते. तिच्यांत टांच व बोटें यांच्याशीं संबद्ध अशी कंडरा पीडित होऊन पाय उचलणें कठीण होतें. पायांची आग होणें तो पाददाह, आणि पाय झिणझिणून बधिर होणें तो पादहर्ष. एकाच पायाचीं हीं चार दुखणीं वेगळालीं ओळखावीं, हा त्या ग्रंथकाराच्या दृष्टीचा मोठेपणा होय. उपचारांत मात्र हा विवेक तितका टिकला नाहीं: शारीरस्थानांत शिरावेध सांगतांना पाददाह, पादहर्ष व वातकंटक हीं पुन्हां एकाच पंक्तींत बसविलीं आहेत. निदान पुढें गेलें आणि उपाय मागें राहिला, असें वैद्यकाच्या इतिहासांत अनेकदां घडलें आहे.

ग्रंथांच्या बाहेर, गांवोगांवीं, हाडवैद्यांची परंपरा चालत आली. निखळलेला सांधा बसविणें, मुरगळलेला पाय चोळून मोकळा करणें, हें ज्ञान त्यांच्या बोटांत असे. अशीच हातांची विद्या पाश्चात्य देशांतही होती, आणि अमेरिकेंत तिला एका सिद्धांताची जोड मिळाली. आयोवा संस्थानांतील डॅव्हनपोर्ट येथें १८ सप्टेंबर १८९५ रोजीं डॅनियल डेव्हिड पामर यानें हार्वे लिलार्ड नांवाच्या सफाई-कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबून बसविला आणि त्याचें हरपलेलें श्रवण परत आलें, असें पामरनें जाहीर केलें. यांतूनच 'कायरोप्रॅक्टिक' ही पद्धति निघाली. १८९७ सालीं तिची शाळा सुरू झाली. पुढें १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत पामरनें १०० पैकीं ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळें होतात, व उरलेले इतर सांधे सरकल्यामुळें, असा सरसकट हिशेब मांडला. मणका सरकला कीं ज्ञानतंतूंचा व्यवहार अडतो, आणि तो मोकळा केला कीं रोग जातो, हें या मताचें सार.

योगायोग असा कीं, त्यानंतर दोन महिन्यांच्या आंतच, ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींतील वुर्झबर्ग येथें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. आतां जिवंत माणसाचीं हाडें पाहतां येऊं लागलीं. दुखणाऱ्या टांचेच्या छायाचित्रांत हाडाला खालच्या अंगानें फुटलेलें एक अणकुचीदार टोंक दिसलें, आणि सुश्रुताची उपमा जणूं प्रत्यक्ष झाली! हाच तो कांटा, असें पुष्कळांनीं मानलें, व कित्येकांची टांच त्यापायीं शस्त्राखालीं गेली. परंतु ज्यांची टांच कधींच दुखली नाहीं अशा अनेकांच्या हाडालाही तसेंच टोंक असतें, आणि दुखणाऱ्या कित्येकांना तें नसतें, हें पुढें उघड झालें. बहुतेक रुग्णांत दोष असतो तो टांचेपासून बोटांच्या मुळांकडे जाणाऱ्या चिवट पट्ट्यांत. त्यास सूज आलेली असते, असें दीर्घकाळ समजत. पण २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ५० रुग्णांच्या ऊतींच्या परीक्षणांत सुजेऐवजीं झीज आढळली. पोटरी व तळवा ताणण्याचा नित्य व्यायाम, टांचेखालीं मऊ आधार, उभें राहण्याच्या तासांत कांहीं काट, एवढ्यानें बहुतेकांची पीडा महिन्यांनीं कां होईना, पण शस्त्रक्रियेवांचून जाते.

मग ज्ञानतंतूंचें काय? पामरचें मत सर्वस्वीं निराधार म्हणावें, तर तसेंही नाहीं. नेपल्सच्या कोतुन्यो यानें १७६४ सालींच कंबरेपासून पायांत उतरणारी कळ तंतूची असूं शकते, असें दाखविलें होतें. १९३४ सालीं मिक्स्टर व बार या बोस्टनच्या शल्यवैद्यांनीं मणक्यांमधील चकती बाहेर सरून तंतूचें मूळ दाबते, हें सिद्ध केलें. म्हणजे दुखणें टांचेंत आणि कारण कंबरेंत, असें खरोखर घडतें. पुढें १९६२ सालीं केक व लॅम यांनीं स्वतंत्रपणें आणखी एक ठिकाण दाखविलें: आंतल्या घोट्यामागील अरुंद बोगद्यांत तळव्याकडे जाणारा तंतु चेंगरतो, आणि तळवा जळजळतो. पामरची चूक तंतूंकडे पाहण्यांत नव्हती. प्रत्येक दुखण्याचें उत्तर एकाच कण्यांत शोधण्यांत होती. हातांच्या उपचारानें ताठरलेला घोटा व पोटरी सैल होऊन व्यायामास साहाय्य होतें, हें मान्य करावें. पण पट्ट्याच्या झिजेवर पाठीचा मणका कडकन् वाजविणें हा उपाय नव्हे.

आतां विदर्भाकडे पुन्हां वळावयाचें तें याच बोगद्यांतील तंतूसाठीं. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा प्रदेश फार काळ कुष्ठरोगाचा पट्टा म्हणून ओळखला गेला. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं कुष्ठसेवेस आरंभ केला. पुढें वरोड्यास बाबा आमटे यांचें आनंदवन उभें राहिलें. हा रोग जे तंतु ग्रासतो त्यांत आंतल्या घोट्यामागील हाच तंतु येतो. परिणाम मात्र उलटा: टांच दुखत नाहीं, ती कांहीं जाणतच नाहीं. खिळा रुततो, निखारा भाजतो, आणि मनुष्य चालतच राहतो. अशा पायांवरील जखमा मांस मुळांतच सडकें झाल्यामुळें होत नसून वेदनेच्या अभावीं होतात, हें १९४६ सालीं वेल्लोरला आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनीं आग्रहानें शिकविलें. मऊ रबराच्या चपलांनीं कित्येक पाय वांचले. आज मधुमेहामुळेंही हेंच बधिरत्व शहरांतून आणि खेड्यांतून दिसतें.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य आमच्या मतें एकच आहे. टांच कोठें दुखते याहून ती कशी दुखते, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ निराळी, रात्रीची आग निराळी, कंबरेतून उतरणारी चमक निराळी. आणि कांहींच न जाणवणें हें तर सर्वांत भयंकर. १० ग्रॅम भारानें वांकणारा नायलॉनचा एक धागा तळव्यास टेकवून स्पर्श कळतो कीं नाहीं, हें कोणत्याही आरोग्यकेंद्रांत क्षणांत पाहतां येतें. वरठीहून नागपूरची गाडी पकडण्यापूर्वीं, अथवा कोणाच्या हातीं आपला कणा देण्यापूर्वीं, एवढी परीक्षा व्हावी. जिची टांच दुखते ती रोवणी करणारी बाई निदान वैद्याच्या दारीं जाते. जिची दुखेनाशी झाली आहे ती जात नाहीं, आणि तिचाच पाय अधिक संकटांत असतो.