तावावरची पृष्ठे : फर्म्यापासून ड्रायव्हरपर्यंत

एकाच तावावर अनेक पृष्ठे छापण्याची रीत संगणकाहून कितीतरी जुनी आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ मध्ये व्हर्जिलची काव्ये हातात मावेल अशा आकारात काढली. तावाला तीन घड्या घातल्या की आठ पाने, म्हणजे पाठपोट सोळा पृष्ठे होत. मराठी छापखान्यांत अशा तावाला फर्मा म्हणतात आणि पुस्तकाचा हिशेबही फर्म्यांतच मांडतात.

फर्म्यात पृष्ठे ओळीने लागत नाहीत. सोळा पृष्ठांच्या फर्म्यात पहिल्याशेजारी सोळावे येते, चौथ्याशेजारी तेरावे. घडीच्या दोन बाजूंच्या आकड्यांची बेरीज नेहमी सतरा भरते. शिवाय निम्मी पृष्ठे डोक्याला डोके लावून उलटी बसवावी लागतात. एक पृष्ठ चुकले की सगळे ताव वाया. ही विद्या छपाईच्या मार्गदर्शक पुस्तकांत आकृत्यांसह मांडली जात असे. ती कारागिरांच्या हातातही राहिली.

कागदाचा आकारही महत्त्वाचा. लांबी-रुंदीचे प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतके ठेवले तर अर्धा कागद मूळ कागदासारखाच दिसतो, हे गेओर्ग लिश्टेनबेर्गने १७८६ मध्ये एका पत्रात नोंदवले होते. १९२२ च्या जर्मन मानकाने ए-४ याच प्रमाणावर बेतला. म्हणून ए-४ ची दोन पृष्ठे सुमारे ७१ टक्क्यांवर आणून आडवी केली की एका ए-४ वर नेमकी बसतात. अमेरिकेच्या लेटर कागदावर मात्र जागा वाया जाते.

संगणकाच्या छपाईत खरा बदल ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठे वर्णन करणाऱ्या भाषेने घडवला. १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरसोबत ही भाषा कार्यालयांत पोहोचली. तिच्यात पृष्ठ म्हणजे अंकांनी मांडलेले रेखाटन. त्यामुळे मजकुराला हात न लावता ते लहान करणे, फिरवणे, सरकवणे शक्य झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अँगस डगन यांच्या पीएसयुटिल्स संचातला एक प्रोग्रॅम पृष्ठे लहान करून शेजारी मांडत असे, तर दुसरा त्यांना पुस्तिकेच्या क्रमाने लावत असे. या दोन कामांतला फरक लक्षात घ्यायला हवा. नुसती पृष्ठे लहान करून मांडण्यात कागदाची बचत आहे. फर्म्याचा वारसा चालवते ती पुस्तिकेची मांडणी.

ज्या प्रिंटरांना पोस्टस्क्रिप्ट येत नव्हते, त्यांच्यासाठी पृष्ठे लहान करून मांडण्याचे काम ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर पडले. प्रत्येक कंपनीची सोय निराळी, काही ड्रायव्हरांत ती नव्हतीच. विंडोज २००० पासून छपाईच्या रांगेतच पृष्ठे एकत्र करता येऊ लागली आणि ड्रायव्हरवरचा भार हलका झाला. युनिक्सच्या जगात १९९९ मध्ये मायकेल स्वीट यांची कप्स प्रणाली आली. तिच्यात एका कागदावर १, २, ४, ६, ९ किंवा १६ पृष्ठे घेता येतात आणि ती डावीकडून मांडायची की उजवीकडून, हेही ठरवता येते. इंटरनेट छपाईच्या प्रमाणित नियमावलीतही पृष्ठसंख्येला स्वतंत्र गुणधर्म मिळाला. अलीकडच्या ड्रायव्हरविरहित छपाईत संगणक हा प्रश्न थेट प्रिंटरलाच विचारतो आणि एका बाजूवर किती पृष्ठे घेता येतील, हे प्रिंटर कळवतो.