बीज आणि क्षेत्र : एका रूपकाची चिकित्सा

तृतीय वर्षाच्या वर्गात रूपकाची चर्चा चालू होती. रूपक हा केवळ भाषेचा अलंकार नसून ती विचार करण्याची रीत असते, हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी आमच्यापैकी एकाने ठरलेले उदाहरण घेतले : पुरुष हे बीज, स्त्री हे क्षेत्र. या रूपकातून स्त्रीकडे पाहण्याची परंपरेची दृष्टी कशी दिसते, हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने शंका विचारली, "सर, पण शेतात पेरतात ते बी तर आधीच दोघांचं असतं ना?" तिची आई कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर 'क्रॉसिंग'च्या कामाला जात असे. हे वाक्य तिच्या दृष्टीने अगदी साधे होते. आम्हांला मात्र त्याने बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. या रूपकाच्या अन्यायाविषयी आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो होतो. ते रूपक मुळात चुकीचेही आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. प्रस्तुत लेख हा त्या शंकेला दिलेला, काहीसा उशिराचा प्रतिसाद आहे.

आधी परंपरेकडे पाहू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज मानून दीर्घ चर्चा केलेली आहे. दोहोंत श्रेष्ठ कोण, या प्रश्नावर कौल बीजाच्या बाजूने दिला जातो. कारण उगवणारे रोप बीजाचे गुण दाखवते, मातीचे नव्हे. पण त्याच अध्यायात पुढे प्रश्न बदलतो. संतती कोणाची, असे विचारल्यावर उत्तर येते : क्षेत्राच्या स्वामीची. परक्याच्या शेतात बी टाकणाऱ्याचा पिकावर हक्क नाही. 'क्षेत्रज' पुत्राची संकल्पना याच तर्कावर उभी आहे. महाभारतातील धृतराष्ट्र आणि पंडू व्यासांपासून जन्मले, तरी ते विचित्रवीर्याचे पुत्र ठरले, ते याच न्यायाने. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बीज श्रेष्ठ ठरो की क्षेत्र, दोन्ही निवाड्यांत अपत्य पुरुषाकडेच जाते; एकदा पेरणारा म्हणून, एकदा मालक म्हणून. जमिनीला पिकावर हक्क सांगता येत नाही. रूपकाचे खरे कार्य जन्माचे स्पष्टीकरण करणे हे नसून वारसाहक्काची व्यवस्था लावणे हे होते, असे म्हणावयास हरकत नसावी.

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये मात्र हे चित्र बरेच वेगळे दिसते. चरकसंहिता गर्भाच्या अवयवांची मातृज आणि पितृज अशी विभागणी करते : त्वचा, रक्त, मांस, हृदय इत्यादी आईकडून, केस, नखे, दात, अस्थी इत्यादी बापाकडून. सुश्रुतसंहिता गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींची आवश्यकता सांगते. शब्द शेतीचेच आहेत, पण गर्भ शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या संयोगातून होतो, हे तेथे गृहीत आहे. देह तपासणाऱ्याला आईचा वाटा नाकारता आला नाही, वारस ठरवणाऱ्याला तो मान्य करणे सोयीचे नव्हते. आपल्या परंपरेचा एकच एक सूर होता असे मानणाऱ्यांनी हा विसंवाद मुद्दाम ध्यानात घ्यावा.

हा प्रश्न केवळ आपलाच होता असेही नाही. इ.स.पू. 458 मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या 'युमेनिडीज' या नाटकात मातृहत्या करणाऱ्या ओरेस्टिसचा खटला उभा राहतो. त्याच्या बचावासाठी अपोलो युक्तिवाद करतो तो हाच : आई ही जननी नव्हे, ती नव्याने पेरलेल्या बीजाची केवळ दाई. पुरावा म्हणून तो झ्यूसच्या मस्तकातून, आईवाचून जन्मलेल्या अथीनाकडे बोट दाखवतो. ओरेस्टिस सुटतो. पुढे अॅरिस्टॉटलने याच समजुतीला तत्त्वज्ञानाची भाषा दिली : पुरुष आकार देतो, स्त्री द्रव्य पुरवते; सुताराने लाकडाला आकार द्यावा तसे. गेलनसारख्या वैद्याने स्त्रीलाही बीज असते असे मानले. म्हणजे तेथेही वैद्याची साक्ष वेगळी होती.

सतराव्या शतकात युरोपात हा वाद ग्रंथांतून बाहेर पडून शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि भिंगाखाली गेला. विल्यम हार्वे याने राजाच्या शिकारीतील हरिणींची गर्भाशये तपासली आणि 1651 मध्ये प्राण्यांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. समागमानंतर गर्भाशयात त्याला ना बीज दिसले, ना काही साकळलेले. 1672 मध्ये रेनिए द ग्राफ याने स्त्रीच्या अंडाशयातील पुटकांचे वर्णन केले. 1677 मध्ये लेव्हेनहूक याला भिंगातून वीर्यातील वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले आणि बीजवाद्यांना नवे बळ मिळाले. 1694 मध्ये हार्टसूकर याने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या इवल्या माणसाचे चित्र छापले. आपण तसे पाहिले, असा त्याचा दावा नव्हता. दिसलाच तर असा दिसेल, अशी ती कल्पना होती. रूपक किती बलवत्तर असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला माहीत नाही. भिंग हाती आल्यावरही डोळ्यांनी आधी शोधले ते जुनेच बीज.

आणि त्याच 1694 साली, जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे, रूडॉल्फ कॅमेरारियस याने वनस्पतींच्या लिंगभेदावर एक दीर्घ पत्र लिहिले. त्याने एरंडाचे नर-फुलोरे उमलण्यापूर्वी खुडून टाकले, मक्याच्या कणसाचे रेशमी केस कापून टाकले, तुतीची मादी-झाडे नर-झाडांपासून दूर ठेवली. परिणाम सर्वत्र जवळपास सारखाच आला. सकस बी धरले नाही. फुलातील पिवळी धूळ ही टाकाऊ वस्तू नसून तिच्यावाचून बी तयार होत नाही, हे प्रयोगाने प्रथमच दाखवले गेले. खजुराच्या मादी-झाडावर नर-फुलांची धूळ झटकण्याची रीत मेसोपोटेमियातील बागाईतदारांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. पण ठाऊक असणे आणि त्याचा अर्थ लावणे यांत शतकांचे अंतर पडले.

येथे आमच्या विद्यार्थिनीची शंका इतिहासाला येऊन मिळते. पुरुषाच्या वाट्याला समांतर असे वनस्पतीत काही असेल, तर ते बी नव्हे, परागकण होय. बी ही फलनानंतरची अवस्था आहे. तिच्यात नव्या रोपाचा अंकुर आधीच आकाराला आलेला असतो, म्हणजे शेतकरी पेरतो ते बीज नसून बाळ असते, आणि त्या बाळाची आई शेत नव्हे. त्याची आई म्हणजे मागच्या हंगामात ज्या ताटावर ते कणीस धरले, ते ताट. शेत फार तर पाळणाघर म्हणावे. हजारो वर्षे स्त्रीला ज्या जमिनीची उपमा दिली गेली, ती या व्यवहारात आई नव्हतीच. खरी आई डोळ्यांदेखत उभी होती, तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

एवढेच नाही. 1898 मध्ये नावाशिन या रशियन शास्त्रज्ञाने सपुष्प वनस्पतींमधील दुहेरी फलन दाखवून दिले. एका परागकणातून येणाऱ्या दोन पुंयुग्मकांपैकी एक अंडपेशीशी मिळून अंकुर घडवतो. दुसरा मातेच्या दोन केंद्रकांशी मिळून अंकुराचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष, घडवतो. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या दाण्यातील जो पिठूळ भाग आपण खातो तो हाच, आणि त्यात आईचे दोन वाटे, बापाचा एक. दाण्यावरील आवरण तर सर्वस्वी मातृदेहाचे. ज्वारीत बहुधा स्वपरागण घडते, त्यामुळे तेथे हे आई-बाप एकाच कणसात नांदतात, पण हिशेब तोच राहतो. बीज हे पुरुषत्वाचे प्रतीक म्हणून मिरवणाऱ्या संस्कृतीने रोजच्या भाकरीतला हा हिशेब कधी तपासला नाही.

प्राण्यांच्या बाबतीतील पुरावा सावकाश गोळा झाला. सस्तन प्राण्यातील अंडे फॉन बेअर याला कुत्रीच्या अंडाशयात सापडले ते 1827 मध्ये, म्हणजे शुक्रजंतू दिसल्यानंतर दीडशे वर्षांनी. 1876 मध्ये ऑस्कर हर्टविग याने समुद्री साळूच्या पारदर्शक अंड्यात दोन केंद्रकांचे मीलन पाहिले. 1883 मध्ये व्हान बेनेडेन याने आई आणि बाप सारख्याच संख्येने गुणसूत्रे देतात हे दाखवले. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासून सिद्ध केले की अपत्याचे लिंग शुक्रजंतूतील गुणसूत्रावर ठरते. माणसातही तोच नियम आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घराला त्या भुंगेऱ्याने कधीच निरुत्तर केले आहे, फक्त घराला ते कळलेले नाही.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्या शब्दकोशात हे रूपक अजून जिवंत आहे. 'वांझ' हा शब्द जमिनीला लागतो आणि बाईला लागतो. मूल होऊ न शकणाऱ्या पुरुषासाठी तितका रुळलेला, तितका बोचणारा शब्द मराठीत नाही. 'कूस उजवते' ती स्त्रीची, 'वंशाचा दिवा' मात्र बापाचा. घटस्थापनेला परडीतल्या मातीत धान्य रुजवतो, सवाशिणीच्या ओटीत तांदूळ घालतो. या आचारांतील कृतज्ञता आम्ही नाकारत नाही, पण त्या कृतज्ञतेतही स्त्रीचे स्थान मातीचेच राहते. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात बीज आणि भूमी या प्रतीकांची मालमत्तेशी असलेली सांगड उलगडून दाखवली आहे. त्यांचे ऋण येथे मान्य केलेच पाहिजे.

या भाषेला मराठीत थेट आव्हान दिले ते र. धों. कर्वे यांनी. 1921 मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यापायी खटले सोसले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. साहित्याचे अभ्यासक म्हणून आम्हांला कर्वे यांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. जननेंद्रिये आणि प्रजनन यांविषयी रूपकांचा आडोसा न घेता, शांत, नेमक्या मराठीत लिहिता येते, हे त्यांनी करून दाखवले. अश्लीलतेचा आरोप त्यांच्या विचारांवर होता, तितकाच तो या उघड्या भाषेवरही होता.

परंतु ज्ञान आले म्हणजे रूपक सरते असे नाही. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात 2001 च्या जनगणनेत 913 होती, ती 2011 मध्ये 894 वर आली. बीड जिल्ह्यात ती 807 होती. ज्या तंत्राने गर्भ डोळ्यांना दाखवला, तेच तंत्र 'वंशाच्या दिव्या'च्या शोधासाठी राबवले गेले. हार्टसूकरने भिंगात बीजातला माणूस कल्पिला होता. आपण सोनोग्राफीच्या पडद्यावर वारस शोधला.

मग शिक्षकांनी काय करावे? हे रूपक अभ्यासक्रमातून वगळावे असे आम्ही म्हणणार नाही. ते वगळले, तर महाभारत कळणार नाही, लोकगीते कळणार नाहीत, आपली आजीही कळणार नाही. ते शिकवावेच, पण शिकवताना त्याच्या अन्यायाबरोबर त्याची चूकही सांगावी. अन्याय दाखवला की परंपरेचा अभिमानी मनुष्य म्हणतो, तो काळच तसा होता. चूक दाखवली की त्याला कणीस हातात घेऊन पाहावे लागते.

त्या विद्यार्थिनीने नंतर आम्हांला तिच्या आईचे काम समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या सायंकाळी हेरायची, तिची पाकळी आणि नर-केसर नखाने अलगद काढायचे, आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातील पराग तिच्यावर टेकवायचा. दिवसाकाठी अशा शेकडो कळ्या. पिशवीतून जे बी बाजारात जाते, ते अशा एखाद्या बाईच्या बोटांनी जुळवलेले असते. 'पेरणारा तो' आणि 'पेरली जाते ती' या विभागणीत या बाईला कोठे बसवावे? आमच्या रूपकविचारात तिच्यासाठी जागा नव्हती. पुढच्या वर्षी हा घटक शिकवताना आरंभ तिच्यापासून करावा, असे आम्ही ठरवले आहे.