तेल लावणे आणि तेल काढणे

गेल्या दिवाळीत आमच्या नातीने आम्हांस एक लहानशी बाटली दाखविली. बाटलीत तेल होते. पण ते तोंडाला लावून ठेवण्यासाठी नव्हे, तर तोंड धुण्यासाठी होते. "आजोबा, आधी हे कोरड्या चेहऱ्यावर चोळायचं. मग वर पाणी लावलं की त्याचं दुधासारखं होतं आणि सगळा मळ घेऊन निघून जातं," असे तिने समजावून सांगितले. किंमत ऐकून आम्ही गप्प राहिलो. त्याच वेळी न्हाणीघराबाहेर दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगासाठी वाटीत तिळाचे तेल आणि ताटलीत उटणे काढून ठेवलेले होते. ती बाटली आणि ही वाटी-ताटली यांचे नाते किती जवळचे आहे, हे त्या क्षणी आमच्याही ध्यानात आले नाही. पुढे काही जुने ग्रंथ चाळताना ते उमगत गेले.

तेलाने चेहरा स्वच्छ होतो, ही कल्पना प्रथम ऐकताना विपरीत वाटते. तेल म्हणजे चिकटपणा आणि चिकटपणा म्हणजे मळ, असे आपण धरून चालतो. वास्तविक आपल्या त्वचेतील सूक्ष्म ग्रंथींतून एक स्निग्ध द्रव सतत पाझरत असतो. चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ आणि नाक या भागी, या ग्रंथी दाट असतात. धूळ, काजळी आणि धूर याच स्निग्ध थरात अडकून बसतात. नुसत्या पाण्याने हा थर हटत नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. स्निग्ध पदार्थात मात्र तो सहज विरघळतो. म्हणून चोळलेले तेल जुन्या थराला सैल करते. पण तेवढ्याने काम पुरे होत नाही. आता मळासह सैल झालेले हे सारे तेल उतरविले पाहिजे. तेल लावणे हा या विद्येचा पूर्वार्ध, तेल काढणे हा उत्तरार्ध. दोन्ही मिळूनच ती पूर्ण होते.

आपल्या वैद्यकाने ही जोडी फार पूर्वी ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे महत्त्व सांगताना मातीचा घडा, चामडे आणि गाडीचा आस यांचे दाखले दिले आहेत. स्नेहाने जसे हे पदार्थ टिकाऊ होतात, तसे शरीर अभ्यंगाने दृढ होते आणि त्वचा चांगली राहते, असा तेथील आशय आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग नित्य करावा असे सांगितले आणि त्यानंतर व्यायाम, उद्वर्तन व स्नान हा क्रम लावून दिला. उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग चोळणे, म्हणजेच आपले उटणे. ते कफ व मेद कमी करते आणि त्वचा प्रसन्न करते, असे त्याने म्हटले आहे. महत्त्वाचे म्हणजे याच अध्यायात निषेधही आहे. कफाने पीडित, अजीर्ण झालेला आणि नुकतेच वमन-विरेचन घेतलेला मनुष्य, यांनी अभ्यंग टाळावा. जे नित्य करावे असे सांगितले, तेही कोणी करू नये हे लगेच सांगून ठेवण्याची ही शिस्त आज औषधाच्या जाहिरातींतही क्वचितच आढळते.

चेहऱ्याचा स्वतंत्र विचारही तेथे आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे तीन प्रकार आणि सहा ऋतूंसाठी सहा वेगवेगळे लेप दिले आहेत. लेपाची जाडी अंगुळाच्या चतुर्थांशापासून अर्ध्यापर्यंत किती असावी, हेही नमूद आहे. लेप चेहऱ्यावर पूर्ण वाळू देऊ नये. वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो ओलवून काढावा आणि मग चेहऱ्याला तेल लावावे, अशी सूचना वाग्भट करतो. लेप असताना दिवसा झोपू नये, फार बोलू नये, अग्नी व ऊन टाळावे, शोक व क्रोध करू नये, असेही बजावले आहे. आज चेहऱ्याला तडे जाईपर्यंत लेप वाळविण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती या जुन्या सूचनेच्या नेमकी उलट आहे. याच ग्रंथाच्या उत्तरस्थानात केशर, वाळा, लाख, ज्येष्ठमध, चंदन इत्यादी द्रव्यांनी तिळाच्या तेलात व बकरीच्या दुधात सिद्ध केलेले कुंकुमादि तेल सांगितले आहे. आजही ते दुकानांतून मिळते. मात्र बाटलीवरचे नाव तेच असले तरी आतील द्रव्ये तीच आहेत की नाहीत, हे बाटली वाचूनच ठरवावे लागते.

वैद्यांच्या ग्रंथातून ही विद्या राजवाड्यातही पोहोचली. आपल्या दख्खनशी थेट नाते असलेले उदाहरण म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली १९२५ पासून तीन भागांत प्रसिद्ध केला, याचा बडोदेकर वाचकांना सार्थ अभिमान वाटावा. त्यातील राजाच्या उपभोगांत स्नानाला स्वतंत्र प्रकरण आहे. फुलांनी सुवासित केलेल्या तिळांचे तेल, त्याने मर्दन, मग ते तेल उतरविण्यासाठी सुगंधी द्रव्यांचे उटणे आणि शेवटी स्नान, असा तेथील क्रम आहे. द्रव्ये राजाची असली तरी क्रम वाग्भटाचाच आहे.

हा क्रम आपल्याच देशापुरता नव्हता. ग्रीक व रोमन लोक अंगाला ऑलिव्हचे तेल चोळीत आणि मळासह ते धातूच्या वाकड्या पात्याने खरवडून काढीत. उटण्याच्या जागी पाते, एवढाच भेद. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्या नावावर मेण, गुलाबाचे तेल व पाणी यांच्या मिश्रणाचा एक लेप सांगितला जातो. त्यातील पाणी उडून जाताना त्वचेला गारवा लागतो. आजची ‘कोल्ड क्रीम’ ही त्याचीच वंशज.

तथापि राजवाडे गेले, ग्रंथ कपाटात राहिले, आणि ही विद्या टिकली ती घरातील बायांच्या हातांनी. तान्ह्या बाळाच्या अंगावर तेल जिरविल्यावर हळद व तेल लावलेला कणकेचा गोळा हलकेच फिरविणाऱ्या आजीने वाग्भटाचे नावही ऐकलेले नसे. चेहऱ्याला साय व डाळीचे पीठ लावणाऱ्या मुलीलाही साय म्हणजे पूर्वार्ध आणि पीठ म्हणजे उत्तरार्ध, हे कोणी सांगितलेले नसे. लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद आणि नरक चतुर्दशीचे अभ्यंग यांनी ही जोडी वर्षानुवर्षे आठवणीत ठेवली.

ती किती खोल रुजलेली होती, याची साक्ष गोव्याच्या इतिहासात मिळते. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुने आचार सोडावेत म्हणून १७३६ साली त्याने एक विस्तृत जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो दिला आहे. त्यात वधूवरांना हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ इत्यादी पदार्थ लावण्यास मनाई केलेली आहे. तेल आणि पीठ! सत्तेला या दोन वाट्यांची दखल घ्यावी लागली, कारण त्यांत केवळ प्रसाधन नव्हते. आपण कोण, याची खूण त्यांत होती. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस व तेल लावण्याचा ‘रोस’ हा विधी मात्र आजही होतो. जाहीरनामा कागदावर राहिला. वाटी घरात राहिली.

जे जाहीरनाम्याला साधले नाही ते पुढे बाजाराने साधले, आणि तेही कोणावर जबरदस्ती न करता. साबण हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. कारखान्यातील विलायती साबणाच्या वड्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या आणि पुढे देशभर पसरल्या. त्यांतील चरबीमुळे पुष्कळ घरांत त्या निषिद्ध मानल्या जात. स्वदेशीच्या काळात या अडचणीवर उपाय निघाला. आर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची परदेशी निर्यात थांबली, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या म्हैसूर संस्थानात, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१६ साली चंदनतेल काढण्याचा उद्योग उभा राहिला आणि त्यातून चंदनाचा साबण निघाला. हे उद्योग आपल्या लोकांनी उभारले, त्यांनी अनेकांना रोजगार दिला, आणि हात धुण्याच्या सवयीने साबणाने असंख्य जीव वाचविले. साबणाची निंदा करण्याचे आम्हांस काहीच कारण नाही.

परंतु या बदलात ती जुनी जोडी फुटली. साबण स्वतःच तेल उतरवितो, म्हणून प्रथम पीठ गेले. मग उतरविण्यासाठी तेल लावायचे कशाला, म्हणून तेलही गेले. साबण अल्कधर्मी असतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे वारंवार साबण लावलेला चेहरा ताणल्यासारखा व कोरडा होतो. त्या कोरडेपणावर स्नो आणि क्रीम यांच्या डब्या आल्या. एकाच आचाराचे दोन अर्धे वेगळे होऊन दोन दुकानी वस्तू झाल्या, आणि गावच्या घाण्यावरून आणलेल्या तेलाची चेहऱ्यावरची जागा गेली. ‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

येथवर वाचून जुने ते सारे सोने, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. अलीकडच्या संशोधनाने तेलातेलांतील भेद उघड केला आहे. ढाक्यातील एका बालरुग्णालयात अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या त्वचेवर सूर्यफुलाचे तेल लावले असता रुग्णालयातील जंतुसंसर्ग कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. उलट इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान पाहणीत काही आठवडे लावलेल्या ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते आणि सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही, असे दिसले. तेलातील स्निग्धाम्ले भिन्न असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. खोबरेल कोरड्या त्वचेला मानवते. पण मुरुमांची प्रवृत्ती असलेल्या चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवू शकते. हळद-चंदनासारख्या नैसर्गिक द्रव्यांनीही कोणाच्या अंगावर पुरळ उठते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण वाग्भटानेही मांडलेले नाही. त्याने निषेध सांगितले आहेत. चेहऱ्यावर पू असलेले फोड, चट्टे किंवा सूज असेल, तर वाटी बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, हेच त्या जुन्या शिस्तीला धरून आहे.

आता नातीच्या बाटलीकडे वळू. तोंड धुण्याचे असे तेल १९६७ साली जपानमध्ये शू उएमुरा यांनी बाजारात आणले आणि पुढे त्याचे अनेक प्रकार जगभर पसरले. त्यात तेलाबरोबर पाणी व तेल यांना एकत्र आणणारे द्रव्य घातलेले असते. त्यामुळेच पाणी लागताच ते दुधाळ होते आणि मळासह वाहून जाते. म्हणजे ताटलीतील उटण्याचे काम त्या एका द्रव्याकडे सोपविले आहे. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध पुन्हा एकत्र आले आहेत, पण परदेशातून, बाटलीत बंद होऊन. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि ‘हे सारे आमचेच होते’ असे म्हणून मिरविण्यासारखेही नाही. जे आमचे होते ते आम्ही हातचे सोडले. दुसऱ्याने ते स्वतःच्या बुद्धीने शोधले.

आमची अपेक्षा एवढीच आहे की, पुढच्या पिढीला वाटी देताना आपण तिच्यासोबत कारणही द्यावे. दिवाळीच्या पहाटे नातवंडांच्या चेहऱ्याला बोट लावताना तेल का लावायचे, पीठ का चोळायचे, किती वेळ ठेवायचे आणि कोणी लावू नये, हे चार शब्दांत सांगावे. आमच्या आजीला कारण ठाऊक नव्हते, पण तिचा हात बरोबर चालत असे. आमच्या पिढीचा हात सुटला आणि कारणही हाती आले नाही. नातीने मात्र त्या पहाटे आमचे सारे ऐकून घेतले, ताटलीतील उटणे बोटांत घेऊन पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा, ही बाटली आणि ही ताटली एकच काम करतात!" आम्हांस ग्रंथ चाळून जे समजले, ते तिला एका चिमटीत समजले.