पैलतीर

वाचक माउलींनो, भवसागर, नाव आणि नावाडी हा दृष्टांत आम्ही कीर्तनकारांनी किती वेळा सांगितला, त्याची मोजदाद नाही. संतांनी तो सांगितला तेव्हा समोरच्या श्रोत्याचे धोतर अजून नदीच्या पाण्याने ओले असे. आजचा श्रोता पुलावरून गाडीने येतो. नदी त्याला खिडकीतून क्षणभर दिसते आणि मागे पडते. म्हणून आज दृष्टांत बाजूला ठेवू आणि तो ज्या वाटेवरून आला, ती वाट पाहू.

पूर्वीची मोठी वाट नदीशी येऊन थांबत असे. उन्हाळ्यात उतार मिळे. उतार म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. पावसाळ्यात उतार बुडाला की नावेवाचून गती नसे. नाव नसेल तिथे वाळक्या भोपळ्यांची सांगड किंवा गुऱ्हाळाची काहीलही पाण्यात घालत. आपण रोज 'सांगड घालणे' म्हणतो ना, ती हीच सांगड. वल्ही बहुधा कोळी बांधवांच्या हाती असत. १८६८ साली मुंबई इलाख्यात नावांच्या या वाहतुकीसाठी कायदाही झाला. वाटेवरची नाव सरकारलाही किती मोलाची वाटत होती, ते यावरून कळते.

या जुन्या वाटा शोधायच्या तर नदीकाठच्या गावात जावे. नवा रस्ता गावाबाहेरून वळून पुलाकडे जातो. जुना मात्र पेठेतून सरळ उतरत घाटाच्या पायऱ्यांशी येतो. तिथे महादेवाचे देऊळ, एखादी धर्मशाळा आणि जुना वड दिसला, तर समोरच्या काठावर नजर टाकावी. तिथेही तशीच एक वाट पाण्यातून वर चढताना दिसली, तर समजावे की इथे नाव लागत होती.

आता आपल्या वारीकडे वळू. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर आहे. माउलींची पालखी नीरा गावाजवळ नीरा ओलांडते, तुकोबारायांची सराटीहून अकलूजकडे जाताना. ही नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेस मिळते. म्हणजे नीरा ओलांडली की दोन्ही पालख्या पंढरीच्याच तीराला लागतात. पुढे त्यांना भीमा आडवी येत नाही. खरा पैलतीर तिथेच संपलेला असतो. आज दोन्ही ठिकाणी पूल आहेत, तरी पादुका पाण्याशी नेऊन नीरास्नान घडवतात. वाट पुलावर चढली, पण पादुका जुना उतार विसरल्या नाहीत.

पैठणहून येणारी नाथांची पालखी, बार्शीकडचे आणि मराठवाड्यातले वारकरी यांना मात्र भीमा ओलांडावीच लागते. त्यात आषाढी येते ऐन पावसाळ्यात. पंढरपूरच्या आभाळात ढग नसला तरी सह्याद्रीवर कोसळलेले पाणी इथे पूर होऊन येते. अशा वेळी वाट वाळवंटाच्या अलीकडेच संपे. समोर कळस दिसतो, टाळांचा नाद ऐकू येतो, आणि मध्ये गढूळ पाणी. नावाडी म्हणेल तेव्हाच निघायचे. सावकार असो की मजूर, त्या काठावर सगळ्यांना सारखेच थांबावे लागे. पुढे १९०६ साली कुर्डूवाडीहून पंढरपूरकडे आगगाडी सुरू झाली, पूल झाले, आणि ते थांबणे सरले. सोय झाली, याचा आनंदच आहे.

पण एका माणसाचे थांबणे कोणत्याही नावेने सरले नव्हते. परंपरा सांगते की चोखोबांना गावाबाहेर घालवले, तेव्हा ते चंद्रभागेच्या पैलतीरी राहिले आणि तिथे त्यांनी दीपमाळ उभारली. विचार करा, नाव तर रोज येत-जात होती! नावाडी त्यांना अलीकडे आणूही शकला असता. अडवणारे पाणी नव्हतेच, अडवणारी माणसे होती. ती वाट मोकळी व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजी मे महिन्यात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले. आपण वारकरी समतेचे अभंग गात होतो, आणि आपल्याच देवाच्या दारी ही दरी राहिली. हे आपल्याला बोचले पाहिजे.

म्हणून यंदा घाटावर उभे राहाल तेव्हा एकदा वळून समोरच्या काठाकडे पाहा. पुंडलिकाची पूजा आजही कोळी बांधव करतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पार नेले, त्यांच्या हातून भक्तराजाची सेवा होते, हे किती योग्य आहे! आणि विठोबाचे कटीवरचे हात आठवा. आचार्यांच्या नावे असलेल्या पांडुरंगाष्टकात त्याचा भाव असा सांगितला आहे की, माझ्या भक्तांना भवसागर एवढाच, कमरेइतका खोल. देव स्वतःच पाण्यात उभा राहून उतार दाखवतो आहे. उतार सापडला की तो आपल्यापुरता ठेवायचा नसतो. मागून येणाऱ्याला हाक मारून सांगायचा असतो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.