दुष्काळ आणि दृष्टी : अहमदनगर जिल्ह्यातील पोषणजन्य बालांधत्वाचा इतिहास

प्रस्तावना

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासात निजामशाही, भुईकोट किल्ला व सहकारी चळवळ या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. दुष्काळ हाही अभ्यासकांच्या परिचयाचा विषय होय. मात्र दुष्काळाचा इतिहास बहुधा पाऊस, पीक, महसूल, स्थलांतर व मृत्यू यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. जी मुले दुष्काळातून वाचली परंतु डोळे गमावून बसली, त्यांना या इतिहासात जवळजवळ स्थान नाही. प्रस्तुत लेखात या मुलांच्या अंधत्वाचे कारण, त्याचे निदान आणि उपचार यांचा जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

रोगाचे स्वरूप

'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो. तिन्हीसांजेला मूल अडखळू लागते, अंगणात खेळायचे सोडून आईजवळ बसून राहते. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसतात. फ्रेंच वैद्य पियरे बितो यांनी १८६३ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते 'बितोचे ठिपके' म्हणून ओळखले जातात. त्यानंतर बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, कोरडे पडते व निस्तेज होते. शेवटच्या अवस्थेत ते मऊ होऊन अक्षरशः वितळते. वैद्यकात या अवस्थेस 'केराटोमलेशिया' म्हणतात. पहिल्या अवस्था महिनोन्‌महिने रेंगाळतात, पण शेवटची काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डोळा घेऊन जाते. रातांधळेपणा औषधाने थोड्याच दिवसांत जातो. वितळलेले पारपटल मात्र परत येत नाही. या रोगाचे निदान वेळेवर होणे हाच खरा उपचार आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

रातांधळेपणा भारतीय वैद्यकास नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत 'नक्तान्ध्य' या नावाने त्याचा विचार असून उपचारात बोकडाच्या यकृताचा समावेश आहे. यकृत हाच 'अ' जीवनसत्त्वाचा मुख्य साठा होय, हे पाहता तो उपाय अचूक होता. मात्र कारण समजण्यास विसावे शतक उजाडले. जपानमध्ये मोरी यांनी १९०४ मध्ये अशा मुलांना कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन गुण आल्याचे नोंदविले. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम व डेव्हिस यांनी लोण्यात आढळणाऱ्या या पोषक घटकाचा शोध प्रसिद्ध केला. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांतील डॉक्टरांजवळ हे ज्ञान नव्हते, हे त्यांच्याविषयी मत बनविताना लक्षात ठेवले पाहिजे.

साधनांची मर्यादा

ब्रिटिश काळातील जनगणनेत १९३१ पर्यंत अंधांची नोंद होत असे. परंतु ती दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध असलेल्यांची होती. एक डोळा गेलेले मूल त्यात येत नसे. अंधत्वाचे कारणही विचारले जात नसे. बोलीभाषेतही 'डोळ्यात फूल पडले' एवढेच म्हटले जाई. ते फूल देवीचे, खुपऱ्यांचे, इजेचे की उपासमारीचे, याचा उलगडा त्या शब्दाने होत नाही. सर्वांत मोठी अडचण अशी की, पारपटल वितळण्याइतके कुपोषण झालेली मुले बऱ्याचदा अतिसाराने किंवा गोवराने दगावत. म्हणजे हा रोग आपला पुरावा स्वतःच नष्ट करतो. जनगणनेतील अंधांची संख्या कमी दिसली म्हणून दुष्काळाने डोळे घेतले नाहीत, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल.

अप्रत्यक्ष पुरावा मात्र आहे. अहमदनगर येथे १८३१ पासून कार्यरत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८९९-१९०० च्या दुष्काळात अनेक अनाथ मुलांना आश्रय दिला. १९०० मध्ये, म्हणजे त्याच दुष्काळाच्या वर्षी, मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. आज ती दादर येथील अंधशाळा म्हणून परिचित आहे. अंधशिक्षणाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख एक शैक्षणिक आरंभ म्हणून होतो. दुष्काळाच्या इतिहासकाराने ती एक वैद्यकीय नोंद म्हणूनही वाचावयास हवी.

१९७२ : धान्य आले, पण...

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा जिल्हा, अकोल्याचा डोंगराळ भाग वगळता, अवर्षणप्रवणच आहे. १९७०-७३ च्या दुष्काळात शासनाने रोजगार हमीची कामे काढली, सुकडी वाटली, परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर दिला. भूकबळी मोठ्या प्रमाणावर टळले, हे या व्यवस्थेचे निर्विवाद यश होय. परंतु मिलो काय किंवा ज्वारी काय, त्यांतून 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. गरीब घरातील मुलास ते मिळते तांदुळजा, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला यांतून आणि थोड्याफार दुधातून. विहीर आटली की आधी भाजी जाते. चारा संपला की जनावर विकले जाते व दूध जाते. त्यातच गोवर आला आणि पथ्य म्हणून तेल-तूप बंद झाले, तर शरीराला उरलेसुरले जीवनसत्त्वही शोषता येत नाही. गोवर स्वतःही शरीरातील साठा झपाट्याने संपवितो. साठा यकृतात असल्याने परिणाम उशिरा दिसतो, आणि तोपर्यंत दुष्काळ निवारणाचे लक्ष दुसरीकडे वळलेले असते. पोट भरणारे धान्य डोळा वाचवीत नाही, ही गोष्ट निवारणाच्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

योगायोगाने १९७० मध्येच दोन घटना घडल्या. केंद्र शासनाने एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांची मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यामागे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधन होते. त्याच वर्षी डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. डॉ. आरोळे वेल्लोर येथे शिकले व पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले. आरंभी प्रशिक्षित परिचारिका गावोगावी पाठविण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. मग गावानेच निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित कुटुंबांतील होत्या. गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे चालली, मुलांची वजने घेतली गेली, पाच वर्षांखालील मुलांना 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा दिली गेली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनातून हा प्रयोग जगापुढे आला. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नेत्ररोगाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. रातांधळेपणाच्या निदानास यंत्र लागत नाही. 'दिवे लागणीला मूल चाचपडते का?' हा प्रश्न आईला विचारावा लागतो. तो परक्या डॉक्टरने दवाखान्यात विचारला तर उत्तर मिळेलच असे नाही. शेजारच्या बाईने ओट्यावर बसून विचारला तर मिळते. निदानाचे स्थान रुग्णालयातून ओट्यावर आणणे, हा या रोगाच्या इतिहासातील मोठा बदल होय. कुष्ठरोग्यांच्या बाबतीतही हेच घडले. पापणी पूर्ण मिटत नसल्याने डोळा उघडा राहून पारपटलास व्रण होतो, ही बाब घरोघर जाणाऱ्या स्त्रीच्या नजरेत आधी येते.

पुढे १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस आली आणि नवव्या महिन्यात तिच्याबरोबर एक लाख एककांची मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली. केराटोमलेशिया आता दुर्मीळ झाला आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, नव्या पिढीतील डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो, आणि कुपोषित बालकाचा अर्धवट मिटलेला डोळा तपासताना पापणी उचलून पाहण्याची सवय कमी होते. उपचार मात्र तोच, स्वस्त व साधा आहे : निदान होताच वर्षावरील मुलास दोन लाख एकक, दुसऱ्या दिवशी तितकेच, आणि किमान दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

१९७२ मध्ये दोन-तीन वर्षांची असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांत लहानपणी डोळ्यात फूल पडलेल्या या वयाच्या व्यक्तींच्या मौखिक मुलाखती घेणे अद्याप शक्य आहे. ते काम इतिहास विभागांनी नेत्रतज्ज्ञांच्या साहाय्याने येत्या दहा-पंधरा वर्षांतच करावे लागेल.